गॉगल खरेच संरक्षण देतो की नुसताच काळा आहे? विकत घेण्यापूर्वी दर्जा कसा तपासावा

मार्च महिना लागला की एसटी स्टँडबाहेर, सिग्नलवर आणि समुद्रकिनाऱ्यावर गॉगलचे स्टँड उभे राहतात. शंभर-दीडशे रुपयांपासून दहा-पंधरा हजारांपर्यंत सर्व किमतींचे गॉगल बाजारात मिळतात. घेताना आपण बहुतेक वेळा तीन गोष्टी पाहतो: काच किती काळी आहे, चेहऱ्याला शोभतो का आणि किंमत किती. डोळ्यांच्या दृष्टीने जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, ती या तिन्हींवरून कळत नाही.

ती गोष्ट म्हणजे काच अतिनील किरण अडवते का. काच काळी असली तर डोळ्यांना थंड वाटते, पण अतिनील किरण अडवण्याचा आणि काळेपणाचा संबंध नाही. पूर्ण पारदर्शक काचही हे किरण जवळजवळ पूर्ण अडवू शकते आणि गडद काळी काच ते आत सोडू शकते. म्हणून गॉगल घेण्यापूर्वी काय वाचायचे, काय तपासायचे आणि दुकानदाराला काय विचारायचे, हे या लेखात पाहू. ‘काच’ हा शब्द मी बोलीतल्या अर्थाने वापरला आहे. आज बहुतेक गॉगलची ‘काच’ प्लास्टिकची असते.

ऊन डोळ्यांना काय करते?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर न दिसणारे अतिनील किरण, म्हणजेच यूव्ही किरण असतात. त्यांचे तीन गट आहेत. यूव्ही-सी वातावरणातच शोषले जातात. यूव्ही-बी आणि यूव्ही-ए आपल्यापर्यंत पोहोचतात. यांची तरंगलांबी साधारण २८० ते ४०० नॅनोमीटर असते. हा ४०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येईल.

या किरणांचा डोळ्यांवर होणारा परिणाम दोन प्रकारचा असतो.

लगेच होणारा परिणाम: थोड्या वेळात खूप किरण डोळ्यांवर पडले तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजल्यासारखा होतो. मे महिन्यात मनाली, काश्मीर किंवा लडाखला गेलेल्या पर्यटकांना बर्फावर दिवसभर गॉगलशिवाय खेळल्यावर हा त्रास होऊ शकतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, शिवाय उंचीवर हे किरण अधिक तीव्र असतात. त्रास लगेच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री हॉटेलवर आल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही.

हळूहळू होणारा परिणाम: वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांसाचा त्रिकोणी पापुद्रा वाढतो. त्याला टेरिजियम म्हणतात. शेतकरी, मच्छीमार आणि रस्त्यावर काम करणारी माणसे यांच्यात तो जास्त दिसतो. ऊन, वारा आणि धूळ ही त्याची कारणे आहेत. तो बुबुळावर सरकला तर दृष्टीला अडथळा होतो. मोतीबिंदूची मुख्य कारणे वय, मधुमेह, तंबाखू आणि स्टिरॉइडची औषधे ही आहेत. पण आयुष्यभर अंगावर घेतलेले ऊन हेही त्यातले एक कारण आहे, आणि ते टाळणे आपल्या हातात आहे.

काळ्या काचेचा धोका कुठे आहे?

तीव्र उजेडात आपला डोळा स्वतःचे रक्षण करतो. बाहुली लहान होते आणि आपण डोळे बारीक करतो. काळी काच लावली की डोळ्याला सावलीत आल्यासारखे वाटते. बाहुली मोठी होते, पापण्या सैल पडतात आणि आपण निर्धास्तपणे अधिक वेळ उन्हात थांबतो. काच यूव्ही अडवत असेल तर यात काहीच बिघडत नाही. ती अडवत नसेल तर डोळ्याची नैसर्गिक ढाल खाली आलेली असते आणि किरण मात्र आत जात राहतात. अशा गॉगलपेक्षा टोपीची सावली बरी.

याचा अर्थ स्वस्त गॉगल सगळे वाईट असा नाही. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक मुळातच अतिनील किरण शोषून घेते आणि ते काही महाग नसते. चारशे-पाचशे रुपयांचा गॉगल यूव्हीच्या बाबतीत दहा हजारांच्या गॉगलइतकाच चांगला असू शकतो. महाग गॉगलमध्ये बरेचसे पैसे ब्रँड, फ्रेम आणि काचेच्या सफाईसाठी मोजलेले असतात. अडचण एवढीच की नुसते पाहून चांगला आणि वाईट गॉगल ओळखता येत नाही. म्हणून तपासावे लागते.

लेबलवर काय वाचावे?

१. ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’: यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे यूव्ही-ए आणि यूव्ही-बी दोन्ही किरण अडवले जातात. ही पहिली अट. नुसते ‘यूव्ही प्रोटेक्शन’ असे मोघम लिहिलेले असेल तर किती टक्के आणि कुठपर्यंत, हे विचारा.

२. सीई खूण: युरोपच्या नियमांप्रमाणे बनवलेल्या गॉगलच्या दांडीवर आतल्या बाजूला ही खूण असते. त्या नियमात यूव्हीची मर्यादा ३८० नॅनोमीटरपर्यंत मोजली जाते. म्हणजे हा गॉगलही चांगले संरक्षण देतो, पण यूव्ही ४०० थोडे अधिक काटेकोर आहे.

३. कॅटेगरीचा आकडा: ० ते ४ असा हा आकडा असतो. काच किती उजेड आत सोडते हे त्यावरून कळते.

- कॅटेगरी ०: ८० टक्क्यांहून अधिक उजेड आत येतो. जवळपास पारदर्शक.
- कॅटेगरी १: ४३ ते ८० टक्के. सौम्य उन्हासाठी.
- कॅटेगरी २: १८ ते ४३ टक्के. मध्यम उन्हासाठी.
- कॅटेगरी ३: ८ ते १८ टक्के. आपल्या उन्हाळ्यासाठी आणि समुद्रकिनाऱ्यासाठी योग्य.
- कॅटेगरी ४: ३ ते ८ टक्के. उंच बर्फाळ डोंगरांसाठी. हा गॉगल लावून गाडी चालवू नये.

हा आकडा फक्त काळेपणाचा आहे. रोजच्या वापरासाठी आणि गाडीवर कॅटेगरी २ किंवा ३ पुरेशी असते.

लेबलची एक मर्यादा आहे. दोन रुपयांचा स्टिकर कोणीही छापून चिकटवू शकतो. त्यामुळे खूण दांडीवर छापलेली आहे का, निर्मात्याचे नाव आणि मॉडेल क्रमांक आहे का, पक्के बिल मिळते का, हे पाहा. प्रसिद्ध ब्रँडचा गॉगल रस्त्यावर दोनशे रुपयांत मिळत असेल तर तो नकली आहे आणि त्यावरचे लेबलही तितकेच नकली समजावे.

दुकानात करून पाहण्याच्या चाचण्या

यूव्ही मीटर: अनेक चष्म्याच्या दुकानांत काच तपासण्याचे छोटे यंत्र असते. काच त्यात धरली की किती यूव्ही किरण आरपार जातात ते दिसते. अर्धा मिनिटही लागत नाही. घरात आधीपासून असलेले गॉगलही तिथे नेऊन तपासून घेता येतात. पूर्ण घरातले गॉगल एकदाच घेऊन जा. विचारायला संकोच करू नका.

सरळ रेषेची चाचणी: गॉगल हातभर अंतरावर धरा. एक डोळा मिटा आणि काचेतून दाराची चौकट किंवा फरशीची रेष पाहा. आता गॉगल हळूहळू वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. रेष वाकली, लहरली किंवा मध्येच तुटल्यासारखी दिसली, विशेषतः काचेच्या मधल्या भागात, तर तो गॉगल घेऊ नका. अशा काचेमुळे डोळे कायमचे बिघडत नाहीत, पण डोके दुखते, डोळे थकतात आणि पायऱ्या उतरताना अंदाज चुकतो.

ट्यूबलाइटची चाचणी: काचेच्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाडा आणि गॉगल हळू फिरवा. प्रतिबिंब सरळपणे सरकले पाहिजे. ते मध्येच मुरडले तर काच नीट ओतलेली नाही.

कागदाची चाचणी: गॉगल पांढऱ्या कागदावर ठेवा. दोन्ही काचांचा रंग आणि गडदपणा सारखा आहे का, कुठे डाग, बुडबुडे किंवा चरे आहेत का, ते दिसते.

दुकानाबाहेर जाऊन पाहा: गॉगल लावून दोन मिनिटे बाहेर उभे राहा. सिग्नलचे लाल, पिवळे, हिरवे दिवे स्पष्ट ओळखू येतात का? चक्कर किंवा ओढल्यासारखे वाटते का?

ज्या चाचण्यांवर विसंबू नये

काही दुकानांत निळ्या लेसरचा टॉर्च काचेवर मारून दाखवतात आणि ‘बघा, किरण अडला’ असे सांगतात. तो लेसर दिसणाऱ्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा असतो. त्यातून यूव्ही संरक्षण सिद्ध होत नाही. मोबाइलच्या टॉर्चमधून यूव्ही किरण येतच नाहीत, त्यामुळे त्याचाही उपयोग नाही.

नोटा तपासण्याचा यूव्ही टॉर्च घरात असेल तर ढोबळ अंदाज घेता येतो. आपल्या नोटांचा क्रमांक यूव्ही प्रकाशात चमकतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आणि नोट यांच्या मध्ये गॉगलची काच धरा. काचेतून गेलेल्या किरणांनी क्रमांक तसाच लखलखत राहिला तर काच संशयास्पद आहे. चमक गेली म्हणजे मात्र लगेच निश्चिंत होऊ नका, कारण काळी काच टॉर्चचा उजेडही कमी करते. मीटरवर खात्री करून घ्या. टॉर्चकडे थेट पाहू नका आणि तो मुलांच्या हाती देऊ नका.

पोलराइज्ड गॉगल म्हणजे अधिक सुरक्षित का?

पोलराइज्ड काच ओला रस्ता, पाणी, गाडीचे बॉनेट यांवरून येणारी चकाकी कमी करते. गाडी चालवणाऱ्यांना आणि समुद्रावर जाणाऱ्यांना त्याचा आराम मिळतो. पण पोलराइज्ड असणे आणि यूव्ही अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेबलवर दोन्हींचा उल्लेख हवा.

पोलराइज्ड आहे का हे ओळखणे सोपे आहे. असे दोन गॉगल घ्या, एकाची काच दुसऱ्याच्या काचेवर धरा आणि एक गॉगल काटकोनात फिरवा. दोन्ही खरे असतील तर एकत्र आलेला भाग जवळजवळ काळा होतो. या काचेतून मोबाइलचा किंवा मीटरचा डिजिटल पडदा विशिष्ट कोनातून अंधारा दिसू शकतो. रिक्षा, टॅक्सी चालवणाऱ्यांनी घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचाही मिळतात. त्या यूव्ही किरणांमुळे काळ्या होतात. गाडीची पुढची काच बरेचसे यूव्ही अडवत असल्याने गाडीत बसल्यावर त्या पुरेशा काळ्या होत नाहीत.

रंग कोणता घ्यावा?

राखाडी काचेतून रंग मुळाप्रमाणे दिसतात. तपकिरी काचेतून वस्तूंच्या कडा स्पष्ट दिसतात. हिरवट काचही चालते. हे तिन्ही रंग वाहनचालकांसाठी बरे. गडद निळी, गुलाबी किंवा लाल काच रंगांची ओळख बदलते, ती गाडीवर नको. काचेवरचा आरशासारखा लेप उजेड कमी करतो, पण यूव्हीची हमी देत नाही.

फ्रेमकडे दुर्लक्ष नको

उत्तम काच असली तरी किरण कडेने, वरून आणि खालून डोळ्यात शिरतात. कानशिलाच्या बाजूने तिरपा येणारा उजेड बुबुळाच्या गोलाईमुळे वळून नेमका नाकाकडच्या कोपऱ्यावर एकवटतो. टेरिजियम बहुधा नाकाच्या बाजूनेच वाढण्यामागे हे एक कारण मानले जाते. म्हणून छोट्या गोल फॅशनच्या गॉगलपेक्षा भुवईपासून गालापर्यंत झाकणारा, कडेने थोडा वळलेला गॉगल निवडा. तो नाकावरून घसरत नसावा आणि चेहऱ्याजवळ बसावा, पण पापण्यांचे केस काचेला लागू नयेत. जोडीला टोपी किंवा छत्री असेल तर संरक्षण बरेच वाढते.

कोणी काय लक्षात घ्यावे?

चष्मा असलेल्यांनी: नंबरचा चष्मा काढून साधा गॉगल लावून गाडी चालवू नका. नंबरचा गॉगल करून घ्या किंवा चष्म्यावर बसणारा क्लिपचा गॉगल वापरा. तुमच्या रोजच्या पारदर्शक चष्म्याची काच यूव्ही ४०० असेल तर त्या काचेतूनही किरण अडतात. पुढचा चष्मा करताना हे आवर्जून विचारा.

मुलांसाठी: लहान मुलांच्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग अधिक पारदर्शक असते, त्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त किरण आतपर्यंत जातात. जत्रेतला खेळण्यातला गॉगल मुलांना उन्हात लावायला देऊ नका. द्यायचाच तर यूव्ही ४०० आणि न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा द्या. नाहीतर रुंद कडेची टोपी पुरे.

दुचाकीस्वार, शेतकरी आणि उन्हात काम करणाऱ्यांसाठी: खऱ्या काचेचा, म्हणजे फुटणारा गॉगल टाळा. पॉलिकार्बोनेट घ्या. ऊन, धूळ आणि उडणारा खडा या तिन्हींपासून तो वाचवतो. घरात एकच चांगला गॉगल घ्यायचा असेल तर तो सर्वांत जास्त वेळ उन्हात राहणाऱ्या माणसासाठी घ्या.

वाहनचालकांसाठी: उन्हातून बोगद्यात शिरताना, उदाहरणार्थ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, गडद गॉगलमुळे काही क्षण समोरचे दिसत नाही. वेग आधीच कमी करा. संध्याकाळ होताच गॉगल काढा. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यावर येतो म्हणून रंगीत काच लावू नका.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर: रुग्णालयातून मिळालेला गॉगल डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत वापरा. तो धक्का आणि धूळ टाळण्यासाठीही असतो. ते दिवस संपल्यावर उन्हासाठी यूव्ही ४०० चा गॉगल घ्या.

गॉगल काय करू शकत नाही?

- कितीही महाग गॉगल असला तरी त्यातून सूर्याकडे किंवा सूर्यग्रहणाकडे पाहू नये. डोळ्यामागचा पडदा कायमचा भाजू शकतो. ग्रहणासाठी वेगळे प्रमाणित चष्मे असतात.
- वेल्डिंगच्या ठिणगीसाठी गॉगल चालत नाही. तिथे वेल्डिंगचाच मुखवटा हवा.
- डोळे आले असताना गॉगल लावला तर उजेडाचा त्रास कमी होतो, पण साथ थांबत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यात डोळे येण्याची साथ पसरली तेव्हा अनेकांचा असा समज होता की नजरेला नजर भिडल्याने डोळे येतात. हा संसर्ग हात, रुमाल आणि टॉवेल यांतून पसरतो. त्यावर उपाय हात धुण्याचा आहे.

गॉगलची निगा

कोरड्या रुमालाने किंवा शर्टाने पुसू नका, धुळीने चरे पडतात. आधी पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने टिपा. भर उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने फ्रेम वाकते आणि लेप निघतो. काच चरे पडून धूसर झाली असेल तर बदला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जावे?

उजेड सहन होत नाही म्हणून कोणी अचानक घरातही गॉगल लावून बसू लागले तर ते ऊन लागणे नसून आजाराचे लक्षण असू शकते. पुढीलपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा:

- डोळा लाल होऊन दुखत असेल आणि उजेड सहन होत नसेल
- दृष्टी अचानक अंधूक झाली असेल
- दिव्याभोवती रंगीत वलये दिसून डोके दुखत असेल, उलटी होत असेल
- सूर्याकडे पाहिल्यानंतर नजरेच्या मध्यभागी डाग दिसत असेल
- बर्फ किंवा वेल्डिंगनंतर डोळे खुपत असतील

अशा वेळी दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. स्टिरॉइड असलेले थेंब काही आजारांत नुकसान करतात. डोळ्यात नाकाच्या बाजूने पापुद्रा वाढताना दिसत असेल तर ती तातडीची बाब नाही, पण एकदा तपासून घ्या.

खरेदीला जाताना एवढे लक्षात ठेवा

१. यूव्ही ४०० लिहिलेले आहे का? मीटरवर तपासले का?
२. कॅटेगरी २ किंवा ३ आहे का?
३. सरळ रेष सरळच दिसते का? दोन्ही काचा सारख्या आहेत का?
४. कडेने आणि वरून डोळा झाकला जातो का?
५. सिग्नलचे रंग ओळखू येतात का?
६. बिल मिळाले का?

या सहा प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तर गॉगल पाचशेचा असो की पाच हजारांचा, तो तुमच्या डोळ्यांसाठी चांगला आहे. घरात जुने गॉगल असतील तर पुढच्या वेळी चष्म्याच्या दुकानावरून जाताना ते बरोबर घ्या आणि मीटरवर तपासून या. जो तपासणीत नापास होईल तो मुलांना खेळायलाही देऊ नका.